जुन्या घराचा एकच हॉल कसा करावा

अंधेरीच्या खोलीत ज्याला एक भिंत जास्त मिळावी म्हणून आयुष्यभर हप्ते भरावे लागतात, तोच चाकरमानी गावी आला की भिंत पाडायला निघतो. मोबाइलमध्ये फोटो असतो: सोफा, जेवणाचं टेबल, ओटा, सगळं एकाच दालनात. अशा मालकांसाठी हे मार्गदर्शन. तारकर्लीच्या वाटेवर पर्यटकांसाठी न्याहारी-निवास काढणाऱ्यांनी ते सक्तीचं समजावं.

साहित्य: एक चिरेबंदी कौलारू घर (खळं, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर या क्रमाने), एक गवंडी, एक सुतार आणि घरपत्रकावर नाव असलेले सर्व चुलते.

१. संमती
घर सामाईक असतं. पडवी एका भावाची, माजघर दुसऱ्याचं. मधली भिंत मात्र सगळ्यांची. सगळे एकत्र सापडतात फक्त चतुर्थीला. विषय आरती झाल्यावर, पण भजनी मंडळी यायच्या आत काढावा. थोरले काका खर्च विचारतील, धाकटे काका वास्तुशास्त्र. मधले काहीच बोलणार नाहीत. हरकत त्यांचीच आहे असं समजावं. काकी एवढंच विचारतील, "भिंत पाड रे, पण गणपती खंय बसतलो तां आधी सांग." याचं उत्तर मुंबईहून निघतानाच पाठ करून यावं.

२. मुहूर्त
काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाआधी संपवायचं. कागदावर सहा-सात महिने दिसतात. त्यातून जत्रा, दहीकाले, शिमगा, लग्नसराई आणि आंबा वजा करावा. उरलेल्या दिवसांत गवंडी "उद्या येतंय" म्हणेल. घर आचऱ्यात असेल तर गावपळणीचं वर्ष आहे का ते पाहावं. रामेश्वराचा कौल झाला की गुराढोरांसकट अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. अर्ध्या पाडलेल्या भिंतीला सोबत म्हणून कोणी मागे थांबत नाही.

३. पाडकाम
टिकाव घालण्यापूर्वी वर बघावं. एक मंगळुरी कौल सुमारे अडीच किलोचं. चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात आणि पावसाळ्यात पाणी पिऊन ती आणखी जड होतात. हा सगळा भार रिपांवरून वाशांवर, वाशांवरून तुळईवर आणि तुळईवरून त्या भिंतीवर येतो, जी तुम्हाला फोटोत नको आहे. चिरे मातीत रचलेले असतील तर एक काढला की शेजारचा न बोलावता येतो. म्हणून आधी टेकू, मग लोखंडी बीम, मग टिकाव. क्रम उलटा केल्यास घर ठरल्यापेक्षा जास्त मोकळं होतं. थेट आकाश दिसतं.

४. राखीव भिंत
दरवर्षी जिच्यावर चित्रं रंगवतात ती गणपतीची भिंत पाडता येत नाही, हलवता येत नाही आणि तिच्यावर टीव्हीही लावता येत नाही. वर माटवी बांधायची असते. नारळ, तवशी, चिबूड, सगळ्यांचं ओझं वाशांना चालतं, प्लास्टरच्या नक्षीदार छताला चालत नाही. तेव्हा खुल्या दालनाचा आराखडा गणपतीपासून सुरू करावा आणि उरलेल्या जागेत सोफा बसतो का ते पाहावं.

५. आयलंड
मधोमध आयलंड हवंच. या किनाऱ्याला बेटावर बांधकाम करायचा अनुभव आहे: कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ साली झाली आणि साधारण तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तुमच्या ग्रॅनाइटच्या ओट्याला याहून कमी वेळ लागेल असं कोणीही लिहून देणार नाही. खारा वारा ट्रॉल्यांचे रूळ आधी खातो, बिजागऱ्या मागाहून. स्टीलच घ्यायचं तर ३१६ प्रतीचं घ्यावं, खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं. भुशाच्या फळ्या पहिल्या पावसात फुगतात; त्या मुंबईलाच ठेवाव्यात. आयलंडवर आडाळो ठेवून नारळ खवता येत नाही, कारण खवणारी बाई जमिनीवर बसते. तिच्यासाठी जमीन शिल्लक ठेवावी.

६. वास
बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडली की भिंत नसलेल्या घरात कोणाला हाक मारावी लागत नाही. सोफ्याची कापडं, उशा आणि पुण्याचे शाकाहारी पाहुणे यांना ही बातमी एकाच वेळी पोचते. उपाय म्हणून चिमणी असते. पण ती विजेवर चालते, आणि किनाऱ्यावर जून लागला की विजेचा भरवसा नसतो. सुकटी भाजायच्या असतील त्या दिवशी मागच्या पडवीतली चूल पेटवावी. ती चूल मोडण्याचा सल्ला देणाऱ्या सजावटकाराला जेवायला थांबवू नये.

७. गुप्तता
सर्वांत मोठं नुकसान बीम टाकूनही भरून निघत नाही. पाहुण्याला "रवा जेवूक" म्हटल्यावर भात पुरेल का हे बघायला आत जायची सोय संपते. त्याच पाहुण्याच्या गजाली त्याच्या पाठीमागे करता येत नाहीत. सुनेने वाटपाला किती खोबरं घेतलं ते सासूबाईंना पडवीतल्या खुर्चीवरून मोजता येतं. यावर पडदा लावतात, मग फोल्डिंग पार्टिशन, मग प्लायची फळी. तीन वर्षांत भिंत परत येते, फक्त चिऱ्याऐवजी प्लायची.

निकाल
तक्रार अंधाराची असेल तर माजघरावरची चार-सहा कौलं काढून तिथे काचेची बसवा. हालचाल अडत असेल तर वर भक्कम लिंटेल टाकून दार रुंद करा. एवढ्यावर भागतं, आणि चुलत्यांची सभाही टळते. तरीही भिंत पाडायचीच असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, मग काकींना. दोघांनीही होय म्हटलं तरच टिकाव उचला.