बुधवारकर

बुधवारकर हे आडनाव नव्हे, जमात आहे. अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी दुकानात येतात. त्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या कुठल्याही कॉमिक्सच्या दुकानात डोकवा, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात लटकतंय असे पन्नाशीकडे झुकलेले चार-पाच बुधवारकर हमखास सापडतील. त्यात एखादा आपलाही असतो. डोंबिवलीत इंद्रजालमधला वेताळ वाचत वाढलेला आणि पुढे सॉफ्टवेअरच्या वाटेनं इथवर आलेला.

त्याचं कुलदैवत 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'. दुकानदार त्याच्या नावाचे अंक आधीच बाजूला काढून ठेवतो, पण बुधवारकरचा कोणावर विश्वास नाही. तो मांडणीपाशीच जातो. वरची प्रत घेत नाही, ती लोकांनी हाताळलेली असते. चौथी किंवा पाचवी अलगद ओढतो आणि दिव्याखाली तिरकी धरतो. पिना मारलेल्या कडेला रंग उडून केसाएवढी पांढरी रेघ दिसली, प्रत बाद. कोपरा बोथट, बाद. पिन वाकडी असेल तर एक उसासा, आणि बाद. बायको वाण्याकडे भेंडीचं टोक मोडून बघते तेव्हा हा गृहस्थ तिला हसतो. पण भेंडी निदान शिजते तरी. ही प्रत कोणी उघडणार नसतं. पाठीला पुठ्ठा लावून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते, पिशवी लांबट पांढऱ्या खोक्यात, खोकं तळघरात. वाचायला दुसरी प्रत. शिवाय तिसरी, वेगळ्या मुखपृष्ठाची, कारण एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठं निघतात. त्यातली काही अशी, की दुकानदारानं साध्या पंचवीस प्रती मागवल्या तरच एक हाती लागते. तिची किंमत विचारू नये. बायकोसमोर तर नाहीच.

वाचन गाडीतच उरकतं. गोष्ट असते वीसेक पानांची, सिग्नल-बिग्नल धरून पंधरा मिनिटं. त्याला मोजायचे चार-पाच डॉलर. "आणि 1962 साली पहिली गोष्ट 12 सेंटला मिळायची!" असं तो तळमळून सांगतो. त्या साली याच्या आईवडिलांचं लग्नही झालेलं नव्हतं, पण भाववाढीची झळ यालाच लागलेली. वाचून झालं की ठरलेला निकाल: "वाट लावली साल्यांनी. हा शेवटचा अंक." पुढच्या बुधवारी पुन्हा हजर.

कथा बिघडली तर बुधवारकर चिडतो. आकडा बिघडला तर जेवत नाही. मालिकेचा क्रमांक 1 निघाला 1963 साली. मग 1999 मध्ये पुन्हा क्रमांक 1. 2003 मध्ये प्रकाशकांना उपरती झाली, बेरीज करून एकदम 500 छापला. त्यानंतर 2014, 2015, 2018, 2022 आणि 2025, दरवेळी नव्यानं श्रीगणेशा. कारण सरळ आहे: 1 हा आकडा खपतो. नवख्याला वाटतं आता शिरकाव करता येईल, जुन्याला वाटतं पहिला अंक आहे, जपून ठेवावा. एप्रिल 2025 च्या अंकावर मोठ्या अक्षरात 1 आणि बारीक अक्षरात 965 होतं. बुधवारकर चष्मा कपाळावर चढवून आधी तो बारीक आकडा वाचतो आणि एक्सेलमध्ये नोंदवतो. माझ्या मते हा वाचक नाहीच. हा चुकून कॉमिक्सच्या दुकानात शिरलेला हिशेबनीस आहे.

आई सहा महिन्यांसाठी आली की तिलाही तळघर दाखवलं जातं.

"हा मुलगा अजून भाड्याच्याच घरात?" आईनं पीटर पार्करकडे, म्हणजे मुखवटा काढलेल्या स्पायडर-मॅनकडे, बघून विचारलं. "लग्न तरी झालं का?"

"झालं होतं, 1987 ला. पण 2007 मध्ये मे काकू मरणाच्या दारात होती, म्हणून त्यानं सैतानाशी सौदा केला. काकू वाचली, लग्न गेलं."

"म्हणजे काडीमोड?"

"नाही गं. झालंच नव्हतं असं ठरलं. कोणाला आठवतही नाही."

"मग आहेर परत केले का?"

साठ वर्षांत असली शंका कुठल्याही संपादकाला आली नसेल. बुधवारकरनं विषय बदलत 2004 साली निघालेला भारतीय स्पायडर-मॅन काढला: मुंबईतला पवित्र प्रभाकर, धोतर नेसून इमारतींवरून झेपावणारा, पीटरच्या मेरी जेनच्या जागी मीरा जैन. आईनं धोतर निरखलं आणि "काष्टा नीट नाही" एवढंच म्हणाली.

या जगात मरणाचंही फारसं कोणी मनावर घेत नाही. मे 2023 मध्ये 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मध्येच कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, मारली. जुलैत ती परत. वर्षश्राद्धापर्यंतही दम निघाला नाही. सुपरमॅन 1992 साली गेला, तो अंक काळ्या पिशवीत आला होता, आत दंडाला बांधायची काळी पट्टीसुद्धा. सुपरमॅन वर्षभरात उठून कामाला लागला. बुधवारकरकडची पिशवी मात्र अजून फोडलेली नाही. त्याच्या घरी सुतक चालूच आहे.

बायकोनं खोक्यांचा विषय काढला की तो 'गुंतवणूक' म्हणतो. सुपरमॅनचा 1938 चा पहिला अंक, छापील किंमत 10 सेंट, 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, ही बातमी गणपतीच्या प्रत्येक आरतीनंतर ऐकवतो. पण तो अंक महाग झाला कारण त्या काळच्या आयांनी बाकीचे रद्दीत घातले. बुधवारकरच्या पिढीनं रद्दीत काही घातलंच नाही. त्याचा लाडका 1991 चा 'एक्स-मेन' क्रमांक 1 पाच मुखपृष्ठांनिशी 80 लाखांवर छापला गेला, आणि ज्यानं-त्यानं तो प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवला. जे सगळ्यांच्याच तळघरात आहे त्याला गिऱ्हाईक कुठून येणार?

मुलगा मात्र महिना दहा डॉलर भरून सगळे अंक अ‍ॅपवर वाचतो. तिथे ते तीन महिने उशिरा येतात, त्याचं त्याला काहीच वाटत नाही. मागच्या कथानकात नेमकं काय झालं हे आठवत नसलं की बाबा त्यालाच विचारतात.

कधी बुधवारकरकडे गेलात तर तो तुम्हाला तळघरात नेणारच, सुटका नाही. चिवड्याचे हात आधी धुवा. 'हे सगळं विकलं तर किती येतील?' असं बायकोच्या देखत विचारू नका. आणि खरंच काही वाचावंसं वाटलं, तर मुलाचा टॅबलेट मागा.