पासंग

आमचे शेजारी आप्पा मासे आणायला निघाले की पिशवीत आधी एक किलोचं लोखंडी वजन पडतं. मासळीवालीच्या काट्यावर चिलापी चढायच्या आधी हे वजन चढतं. काट्यानं बरोबर एक किलो दाखवलं तर आप्पा "असू दे" म्हणतात. म्हणजे संशय मिटत नाही, पुढच्या खेपेवर ढकलला जातो. दवाखान्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली, तर "आधी तुमचा ताप बघा" म्हणणारा हा माणूस.

त्यांचा प्रश्न जन्मभर एकच: "शून्य कुठं धरलंय?"

यात दोष त्यांचा नाही, गावच तसलं आहे. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा पेपरात छापून येतं की उजनी उणे अमुक टक्के. समोर पाणी आहे, होड्या चालल्यात, आणि धरण म्हणे शून्याच्या खाली! कारण 63.66 टीएमसी मृतसाठा आधी बाजूला काढून शून्य त्याच्या डोक्यावर मांडलेलं. ज्याचं घरच शून्याखाली बुडालं, तो दुसऱ्याच्या काट्यावर कसा विश्वास ठेवील?

परवा त्यांचा भाचा मुंबईहून आला. तो दुर्बिणींच्या अवरक्त डिटेक्टरांवर काम करतो. ओसरीवर चहा झाला आणि आप्पांनी त्याची उलटतपासणी सुरू केली.

"मामा, ताऱ्याची ऊब मोजायची, पण डिटेक्टर स्वतःच उबदार असला तर तो स्वतःलाच मोजत बसतो. झाकण लावलं तरी आकडा येतोच. तो आधी वजा करायचा."

"पासंग!" आप्पा सरसावले. "रिकाम्या पारड्याचं वजन."

"म्हणून तर थंड ठेवतात. वेब दुर्बिणीवरचं मिरी नावाचं उपकरण उणे 266 अंशांवर चालतं."

"शून्य कुठं धरलंय?"

"पाणी गोठतं तिथं. पण खरं शून्य उणे 273 अंशांना. त्याच्या खाली काही नाही."

"मृतसाठा?"

"नाही."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. देवळात घंटा वाजवून झाल्यावर बसतात तसे.

मग मोलभाव निघाला. नुसत्या आकड्याला किंमत कशी येते? भाचा म्हणाला, ओळखीच्या वस्तूकडे बघून. हैदराबादहून टीआयएफआरचे फुगे एक मीटर व्यासाची दुर्बीण घेऊन वर चढायचे, तेव्हा गुरू ग्रहाकडे बघून माप लावायचे. आणि ताऱ्यांच्या तेजाचं ठरलेलं वजन म्हणजे अभिजित. त्याची प्रत शून्य धरलेली; व्याध त्याहून तेजस्वी, म्हणून त्याची प्रत उणे 1.46.

"तिथंबी उणे," आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. जणू उजनीचा हिशेब मीच मांडला होता.

"पण 1983 साली आयरास उपग्रहानं पाहिलं, तर लांब तरंगांच्या अवरक्तात अभिजित हिशेबापेक्षा कितीतरी जास्त उजळ! त्याच्याभोवती धुळीची चकती निघाली. तिची ऊब त्याच्या खात्यात जमा होत होती."

आप्पा ताडकन उठले. "पारड्याखाली चिंच चिकटवलेली!" पोरीच्या लग्नातसुद्धा मी त्यांना एवढं खुलताना पाहिलं नव्हतं.

"आता एका ताऱ्यावर भिस्त ठेवत नाहीत. वेबसाठी तीन जातींचे तारे घेतात: फार तापलेले, अभिजितच्या वाणाचे आणि सूर्यासारखे. तिघांची साक्ष जुळते का बघतात." एवढं सांगून भाच्यानं सहज विचारलं, "मामा, तुमचं वजन कुणी तपासलंय?"

आप्पांनी वजन उलटं केलं. तळाच्या शिशावरचा सरकारी शिक्का गंजात बुडाला होता. साल काही लागेना.

दुसऱ्या दिवशी ते वजन घेऊन तीन दुकानं फिरले. एका काट्यानं 990 ग्रॅम दाखवले, दुसऱ्यानं 985. तिसऱ्यानं बरोबर एक किलो दाखवला.

तेव्हापासून आप्पांचा त्या तिसऱ्यावर सगळ्यात जास्त संशय आहे.