लिग्निनकाका

नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला, प्रेसमधून रिटायर झालेल्या माणसांना तोटा नाही. कुणी भजनी मंडळ धरतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद, कुणी शेअरबाजार. आमच्या काकांनी लिग्निन धरलं.

आता कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला गाडी लाकडावर येते. रद्दी पिवळी का पडली? लिग्निन. पालकाची जुडी जून का लागते? लिग्निन. नव्या भाडेकरूनं एकदा जिन्यात, हातात दुधाची पिशवी घेऊन, "म्हणजे नक्की काय हो?" असं भाबडेपणानं विचारलं. "लाकडात सेल्युलोजचे धागे असतात, त्यांना आवळून धरतं ते लिग्निन. लाकडाचा साधारण पाव हिस्सा! आणि कागद गिरण्या काय करतात? लगद्यातून ते काढतात आणि भट्टीत जाळतात. जा-ळ-ता-त!" दूध फाटलं नाही हे गोकुळाचं नशीब.

१९२८ पासून इथल्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, आणि नोटेचा कागद कापसाचा, म्हणजे लिग्निन जवळपास नाहीच. काकांचा सगळा अभिमान या एका वाक्यात आहे. लग्नात स्टेजवर आहेर देताना नवरदेवाच्या कानात सांगतात, "पाकीट पिवळं पडेल हं, आतली नोट नाही." मागे रांग खोळंबलेली, फोटोग्राफर हातवारे करतोय, आणि नवरी विचारात पडलेली की सासरचे आहेत की आपल्याकडचे.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, त्यामुळे तिथं त्यांचा जीव रमतो. पुस्तक उघडतात, नाकाला लावतात, डोळे मिटतात. "व्हॅनिला! लिग्निन झिजलं की हाच वास सुटतो." पुस्तक कशावर आहे हे विचारू नये.

पण खरा हंगाम द्राक्षछाटणीचा. निफाडला भाच्याची बाग आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की काड्यांचे ढीग बांधावर पेटवतात, तेव्हा काका रिक्षा टेम्पो करून हजर. "अरे, कारखाना जाळतोयस तू!" भाचा शहाणा आहे. तो काड्या देतो, वर टेम्पोचं भाडंही देतो, कारण मामा लवकर निघावा.

काकांचा हिशोब साधा आहे. लिग्निनचं कुलूप नीट उघडायला निसर्गात पांढऱ्या कुजीच्या बुरशीसारखं कुणी नाही, आणि ढिंगरी अळिंबी त्याच घराण्यातली. ही बुरशी लॅकेस, पेरॉक्सिडेज असली एन्झाइमं सोडते. लिग्निन फोडणारं पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये सापडलं, हे काका आपला धाकटा त्याच सुमारास झाला अशा सुरात सांगतात. एन्झाइमनं लिग्निन तोडायचं, तुकड्यांतून व्हॅनिलिन, म्हणजे तोच व्हॅनिलाचा वास, काढायचं, द्राक्षवाल्यांना जोडधंदा. नॉर्वेत लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन होतंच की, असं मी म्हटलं तर नाक मुरडलं. "ते उष्णतेनं आणि रसायनांनी. मारूनमुटकून. बुरशीला गोडीनं विचारायचं असतं."

अडचण एवढीच की एन्झाइमनं तोडलेले तुकडे मोकळे राहत नाहीत, पुन्हा एकमेकांना चिकटतात. "वाटणीसाठी कोर्टात भांडायचं आणि बाहेर एकाच टपरीवर चहा प्यायचा, तसे भाऊबंद आहेत मेले," काका वैतागून म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळा इथेच अडल्यात हे ऐकून मात्र त्यांचा चेहरा खुलतो. आपण एकटे नाही.

दुसऱ्या बाथरूमात दांडीवर काड्यांचा चुरा आणि गव्हाचं काड भरलेल्या पिशव्या टांगल्यात. पांढरं जाळं धरलं की काका रात्री टॉर्च घेऊन बघायला उठतात. "मुलगी माहेरी आली की तिला हे बाथरूम ठेवलं होतं. आता तिथं बुरशीचं बाळंतपण चाललंय," काकू म्हणतात. पण दार लोटताना हळूच लोटतात, हे मी पाहिलंय.

पिशव्यांतून निथळलेलं तपकिरी पाणी काका बाटलीत धरतात. परवा मला पुढे केली.

"घे वास. काय येतोय?"

"ओल्या गोणपाटाचा."

"त्याच्या मागे बघ."

"मागेही गोणपाटच आहे, काका."

तेवढ्यात काकूंनी ताट आणलं. ढिंगरीची रस्सेदार भाजी, काळ्या मसाल्यातली, बाजरीची भाकरी. अख्ख्या बिल्डिंगला आठवड्याला एकदा हा प्रसाद मिळतो, आणि लिग्निनच्या विरोधात कुणी ब्र काढत नाही तो त्यामुळेच.

बाटली फ्रीजमध्ये असते, ताकाच्या शेजारी. काकूंनी तिच्यावर चिठ्ठी डकवलीय : पिऊ नये. काकांनी त्याआधी बॉलपेननं 'सध्या' घातलंय.