मंगळवारची ठोकठोक

"अगं ए, सकाळपासून काय ठोकठोक लावलीय तुमच्याकडं? आमच्या मामंजींची झोपमोड झाली की."

"या ना काकू, अशा मेंदीपाशी या. आज मंगळवार, लेणी बंद. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर ह्यांनी गाडीच खोलून ठेवलीय."

"अगंबाई! मला वाटलं विकायला काढली. परवा नळावर बायका बोलत होत्या, हप्ते थकलेत म्हणून."

"कोण बोलतं हो असं? हप्ते कधीच फिटले. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचं बुश गेलंय, बस्स. दौलताबादचा घाट उतरताना ब्रेक दाबला की खालून खट्! स्टेअरिंग एका अंगाला ओढायचं. मागं पुण्याची एक आजी बसली होती, तिनं विचारलंच, 'बाळा, चाक निघतंय का?' ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मग गॅरेजला टाकायची."

"दाखवली ना. ते म्हणाले, दोन्हीकडचे आर्म अख्खे बदला. आता आर्म वाकलेला नाही, त्याचा चाकाकडचा बॉल जॉइंट घट्ट, फाटलंय ते नुसतं रबर. हे पूर्वी वाळूजला कंपनीत फिटर होते. एवढ्याशा रबरापायी अख्खा आर्म फेकायचा म्हटल्यावर रात्रभर कुशी बदलत होते."

"बुश म्हणजे नेमकं काय गं? आमचा थोरलापण सारखा बुश-बुश करत असतो."

"हे बघा, जुन्याचे तुकडे ओट्यावरच ठेवलेत. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मधे चिकटलेलं होतं रबर. नळीतून बोल्ट जातो. चाक खाली-वर झालं की नळी जागची हलत नाही, रबरच पीळ खातं. त्याला एवढी चीर होती, की बोटाचं पेर जायचं आत."

"पण ह्याला मोठं प्रेस लागतं म्हणतात."

"लागतं. नाही तर डोकं लागतं."

"डोकं कशाला? ठोकायचं! आपल्या गावात अख्खं कैलास लेणं छन्नी-हातोड्यानं झालं, बुशाचं काय घेऊन बसलीस!"

"तिथं काढलेला दगड परत बसवायचा नव्हता काकू. इथं नवं बुश त्याच भोकात बसवायचंय. भोक वाकडं झालं की आर्म भंगारात. म्हणून ह्यांनी आधी रबर ड्रिलनं पोखरलं, नळी बाहेर काढली. मग हॅक्सॉचं पान आतून घालून कड्याला एक काप दिला, तोही आर्मला न लागता. काप गेला की कडं सैल पडतं, दोन टोल्यांत बाहेर. तीच ठोकठोक तुम्ही ऐकली."

"मागच्या आळीतल्या त्या भाऊंनी रबर जाळलं होतं बघ. माझ्या पापडांवर काळा धूर! आठ दिवस बोलले नाही मी त्यांच्या बायकोशी."

"आणि नवं बसवायला काय केलं, माहितीय? लांब जाड बोल्ट, नट, दोन जाड वायसर आणि लोखंडी पाइपाचा तुकडा. बुश एका बाजूला, पाइप दुसऱ्या बाजूला, बोल्ट मधून आरपार. पाइपाचं तोंड बुशापेक्षा मोठं, टेकतो आर्मवर. नट आवळत जायचं, बुश सरकत आत."

"म्हणजे आपला चकलीचा सोऱ्या! दांडा फिरवला की दट्ट्या खाली."

"अगदी तस्संच. बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावायचं, पण रबराला ना ग्रीस ना तेल. रबर फुगतं त्यानं. रबराला साबणाचं पाणी. माझी भांड्यांच्या साबणाची वडी गेली त्यात."

"आणि ते फ्रीजरचं काय? पोरगं सांगत होतं, बाबांनी कुल्फीशेजारी लोखंड ठेवलंय."

"ते एक खूळ! थंडीनं लोखंड आक्रसतं म्हणे. आक्रसतं, पण केसाच्या जाडीएवढंसुद्धा नाही. खरं काम केलं पॉलिश पेपरनं. भोकातला गंज घासून काढला, तेव्हा कुठं बुश सरळ शिरलं. जुनं काढायच्या आधी ते किती आत बसलंय आणि कुठल्या बाजूला तोंड करून आहे, तेही खडूनं आर्मवर आखलं होतं."

"एवढं झालं, मग आता गाडीखाली काय करतायत? आवळलं की संपलं."

"तिथंच तर गोम आहे! चाक लोंबकळत असताना बोल्ट करकचून आवळला, तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. मग गाडी खाली ठेवली की कायमचा पीळ. असं बुश फार दिवस टिकत नाही. म्हणून हे चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर आधीच टेपनं मोजून भिंतीवर लिहून बसलेत. आता आर्मखाली जॅक लावून चाक तेवढ्याच उंचीवर आणायचं, मगच शेवटचं आवळायचं. घाईत हेच सगळे गाळतात."

"बाई गं, जॅकवर गाडी आणि हे खाली?"

"छे! गाडी लोखंडी स्टँडवर आहे, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. विटासुद्धा नको म्हटलं मी. वीट वजनानं कधी फुटेल, नेम नाही. स्टँड आणल्याशिवाय मी गाडीला हातच लावू दिला नाही."

"बरं केलंस. मग आमच्या थोरल्याची गाडीपण आणू का पुढच्या मंगळवारी? मजुरी नको घेऊ हं, चकल्या देते."

"आणा की. फक्त त्याला सांगा, आधी बॉल जॉइंट हलवून बघ; तो ढिला असेल तर अख्खा आर्मच घे, बुशावर दिवस घालवू नको. आणि बुश बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करायला संभाजीनगरला जावंच लागतं. ती काही अंगणात होत नाही."