पाइपलाइन हिरवी, रकाना जुनाच

कोड न लिहिता ॲप बनतं, हे साहेबांच्या कानावर पडलं आणि आता आयटी खात्याचं काम निम्म्यावर येणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. कोड खरोखरच गेला. त्याच्या जागी मीटिंगा आल्या.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर प्लॅटफॉर्मचं मन मोठं आहे. लायसन्स मिळालेला प्रत्येक माणूस तिथे डिफॉल्ट एन्व्हायर्न्मेंटमध्ये आपोआप ‘मेकर’ होतो. अर्ज नाही, मुलाखत नाही. आणि ती एन्व्हायर्न्मेंट डिलीट करण्याची सोयही नाही, म्हणजे पश्चात्तापाचा प्रश्नच मिटला. मग एचआरने रजेचं ॲप केलं, ॲडमिनने पार्किंगचं, कँटीनने कूपनचं. सगळ्यांनाच कर्मचाऱ्यांची यादी लागते म्हणून दोन-चार शहाण्यांनी ‘कर्मचारी’ हे टेबल एका मूळ सोल्युशनमध्ये ठेवलं आणि बाकीची सोल्युशन्स त्यावर रचली. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम.

पुढे कधीतरी त्या टेबलातला ‘फॅक्स क्रमांक’ हा रकाना काढायचं ठरलं. सिस्टीमने नकार दिला. पार्किंगच्या ॲपमधल्या एका व्ह्यूला तो लागतो म्हणे. गाडी लावायला फॅक्स कशाला लागतो, हे विचारावं तर व्ह्यू करणारा माणूस नोकरी सोडून केव्हाच हैदराबादला गेलेला. रजा मंजुरीचा फ्लोसुद्धा त्याच्याच कनेक्शनवर चालत होता, हे त्याचं खातं बंद केल्यावर उघडकीला आलं. रजा मंजूर होणं थांबलं. व्यवस्थापनाला आठवडाभर ती सुधारणाच वाटली.

2016 च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा कोडचा 11 ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एनपीएम या सामायिक कोड-भांडारावरून काढून घेतला आणि जगभरातल्या प्रोग्रामरांची बिल्ड कोसळली. तिथे एकाला एक गोष्ट काढता आली म्हणून गोंधळ झाला. आपल्याकडे एक फॅक्सही काढता येत नाही. याला स्थैर्य म्हणतात.

असल्या कारभाराला शिस्त लागावी म्हणून पाइपलाइन आली. 2023 पासून ती या प्लॅटफॉर्ममध्येच मिळते. डेव्हलपमेंटमधून टेस्टमध्ये, टेस्टमधून प्रॉडक्शनमध्ये. मधला टप्पा गाळता येत नाही, टेस्टला गेलेलं पॅकेज जसंच्या तसं पुढे जातं, वाटेत कुणी हात लावू शकत नाही. निघण्याआधीच कुठली डिपेन्डन्सी राहिली तेही तपासलं जातं. आयटीतल्या पोरांनी आनंदाने पेढे वाटले.

पाइपलाइनमध्ये हात घालता येत नसला तरी प्रॉडक्शनमध्ये येतो. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी रजेच्या ॲपमधल्या ‘रजेचं कारण’ या रकान्याचं नाव बदलून ‘रजेचं खरं कारण’ केलं, तो सक्तीचा केला आणि ते घरी गेले. त्यांच्याकडे ॲडमिनचे अधिकार होतेच. साहेबांकडे नसतील तर कुणाकडे असणार?

आता या प्लॅटफॉर्मचा नियम असा की पाइपलाइनमधून रीतसर आलेले मॅनेज्ड थर खाली बसतात आणि थेट केलेला बदल त्या सगळ्यांच्या वर, अनमॅनेज्ड थरात. दिसतं ते वरचं. महिनाभर खपून घरच्यांनी लग्नाची तयारी करावी आणि ऐनवेळी मांडवात आलेल्या आत्याबाईंनी मुहूर्त सोडून सगळं बदलावं, तसं.

मग कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि रकाना ऐच्छिक करायचं ठरलं. पोरांनी बदल केला, टेस्टमध्ये तपासला, मंजुरी घेतली. आवृत्ती 1.0.0.12 प्रॉडक्शनमध्ये गेली. पाइपलाइन हिरवी. रकाना मात्र सक्तीचाच, आणि खरं कारण विचारतोच आहे. 13 गेली, 14 गेली. सगळं यशस्वी, एकही एरर नाही. बरोबरच आहे: खालच्या थरात बदल अगदी व्यवस्थित पोचत होता, फक्त तो कुणाला दिसत नव्हता. सरकारी योजनांची इतकी अचूक नक्कल सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच जमली असेल. 16 व्या आवृत्तीला कुणीतरी ‘सोल्युशन लेअर्स’ उघडून पाहिलं. सर्वांत वर साहेबांचा थर.

तो काढायला तिथेच एक बटण आहे. साहेबांचा थर काढायचा म्हणजे साहेबांना सांगायला हवं, म्हणून आधी तीन ईमेल गेल्या, सगळ्या कर्मणी प्रयोगात: ‘प्रॉडक्शनमध्ये काही बदल केला गेला आहे.’ साहेबांनी उत्तर दिलं की असा बेजबाबदारपणा कोण करतो ते शोधून काढा आणि असे बदल कायमचे बंद करा.

बंद करण्याचीही सोय आहे. एन्व्हायर्न्मेंटच्या सेटिंगमध्ये एक स्विच असतो. तो लावला की थेट बदल करायला मज्जावच. पोरांनी उत्साहाने प्रस्ताव मांडला. साहेबांनी विचारलं, हा स्विच पाइपलाइनमधून कधी येणार? पोरं म्हणाली, सर, तो पाइपलाइनमधून येत नाही, प्रॉडक्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन थेट लावावा लागतो.

साहेबांनी चष्मा काढला.

‘थेट प्रॉडक्शनमध्ये? छे. आपल्याकडे प्रोसेस आहे.’