रखडावे कसे?

गणपतीला स्वतःच्या गाडीने कोकणात जाणाऱ्या गृहस्थांना लवकर पोचण्याचे उपाय सांगणारे सल्लागार घरोघरी आहेत. रखडावे कसे, हे मात्र कुणी शिकवत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर उपयोग या दुसऱ्या विद्येचाच अधिक. या रस्त्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा आमचे चिरंजीव पहिलीत होते. आता ते शेजारच्या सीटवर बसून मला "बाबा, गिअर" असं सांगतात. प्रस्तुत लेखक गेली बावीस वर्षं ठाण्याहून राजापूरच्या पुढे आपल्या गावी जात असून त्यांपैकी एकवीस वेळा उशिरा पोचला आहे. उरलेल्या एका वर्षी रेल्वेचं तिकीट मिळालं होतं. लेखकाचा अधिकार एवढ्याने सिद्ध व्हावा.

नियम पहिला : वेळापत्रक करावे. बिघडायला आधी बेत लागतो. आमचं वेळापत्रक छापील असतं आणि स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला चिकटवलेलं असतं. ४.०० प्रस्थान. ५.१० पनवेल. ६.४५ कोलाड, चहा, बारा मिनिटं. पुढे महाड, खेड, चिपळूण असं करत १.३० ला घर, पाय धुणे. गेल्या वर्षी सौ.नी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "अहो, लघवीला किती धरलीत?"

"सहा मिनिटं."

"एकेकाला की चौघांत मिळून?"

अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये.

या सगळ्याच्या मुळाशी आमचा दादा आहे, हे आताच सांगून टाकतो. दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. तो पुण्याहून अणुस्कुरा घाटाने उतरतो आणि नेहमी आमच्या आधी पडवीत बसलेला असतो. आमच्या घरी आल्यागेल्याला आधी गूळपाणी द्यायची पद्धत होती. ती मोडून दादाने "कितीत आलास?" ही पद्धत पाडली. तो स्वतः प्रवास करत नाही, प्रवास 'मारतो'. सहा तासांत मारला, पावणेसहात मारला. त्यातून चहा, जेवण आणि पेट्रोलची रांग तो वजा करतो. मागे एकदा तर त्याने घाटात पुढे चालणारा उसाचा ट्रॅक्टरही वजा केला होता. असं वजा करत गेलं तर माणूस पुण्यातून निघण्याआधीच राजापुरात पोचेल. पण हे त्याला सांगणार कोण? घरातला थोरला तो. आणि खरं सांगायचं तर मीही कोलाडचा चहा वजा करायला लागलोय.

नियम दुसरा : माणगाव आले की इंजिन बंद करावे. माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांच्या रांगेत पहिला अर्धा तास माणूस मान उंचावून पुढे बघतो, दुसरा अर्धा तास सरकारवर बोलतो आणि त्यानंतर बायकोशी बोलतो. तिसरी पायरी टाळायची असेल तर खाली उतरून उभं राहावं. या काळात मोबाइलमधल्या बाई गोड आवाजात आतला रस्ता सुचवतात. त्यांचं ऐकू नये. आम्ही ऐकलं. डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे असं करत त्यांनी आम्हाला एका घराच्या अंगणात नेऊन सोडलं आणि आपण पोचलात असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. घरातून एक आजोबा तंबाखू मळत बाहेर आले. त्यांना आमचं काही नवल वाटलं नाही. "मागल्या साली पण आलती मानसं," ते म्हणाले. "वळवा सावकाश. तुळशीला लावू नका."

नियम तिसरा : सुटे पैसे ठेवावेत. फोनला रेंज नसते तिथेच भूक लागते.

नियम चौथा : पंक्चर. हे महाडच्या अलीकडे, सव्वादहाच्या सुमारास काढावं. आमचं तिथेच निघालं, मागचं डावं. आता थोडं नीट ऐका, कारण इथे लोक चुकतात. गाडी सपाट आणि कडक जागी घ्यावी. साईडपट्टीच्या चिखलात जॅक लावला तर जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. पुढच्या चाकांना दगड लावावेत. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी उचलल्यावर पाना फिरवायला गेलं की चाकच गरगर फिरतं आणि बघणारे हसतात. बसवताना नट एकाशेजारी एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत.

हे सगळं मला पाठ आहे. चिरंजीवांनी डिकीतलं पुठ्ठ्याचं मखर, आरतीचे टाळ, टेबलफॅन आणि (कोकणात नेण्यासाठी घेतलेले) दहा किलो तांदूळ रस्त्याकडेला मांडले आणि तळातून स्टेपनी काढली. स्टेपनीत हवा नव्हती. चार चाकांची हवा मी दर पंधरा दिवसांनी बघतो. पाचवं चाक ही माझ्या दृष्टीने श्रद्धेची बाब होती. तुम्ही आज संध्याकाळीच बघून घ्या.

चिरंजीव दोन्ही चाकं एका टेम्पोत टाकून महाडला गेले. आई टपरीवरच्या स्टुलावर बसली आणि पाच मिनिटांत टपरीवालीचं माहेर शोधून काढलं. मी वेळापत्रकात दुरुस्त्या करत होतो. सौ. म्हणाल्या, "ते वर काय आहे?"

वर गांधारपाले लेणी होती. तीसेक बौद्ध लेणी, दीड हजार वर्षांहून जुनी, महामार्गाच्या अगदी उशाला. एकवीस वर्षं मी त्यांच्याखालून गेलो होतो आणि माझ्या लेखी ती 'महाड आलं' अशी पाटी होती. पायऱ्या चढलो. शेवाळ होतं, हात धरावा लागला. बऱ्याच वर्षांनी धरला, त्यामुळे कोणता धरायचा यावर थोडा गोंधळ झाला. आत गार होतं. दगडी ओट्यावर बसलो. समोर भाताची खाचरं आणि खाली रस्ता. टपावर मखर बांधलेली एक पांढरी गाडी आमच्या लंगड्या गाडीशेजारून गोगलगाईसारखी चालली होती. तिला मी कोलाडजवळ हॉर्न वाजवून, नको तिथून, जीव मुठीत धरून मागे टाकलं होतं. तिच्या खिडकीतून एका लहान मुलाने हात बाहेर काढून पाऊस झेलला. सौ.नी घड्याळाकडे बघितलं नाही. मी बघितलं, पण चोरून.

नियम पाचवा : म्हाताऱ्या माणसाला चिबूड घेऊ द्यावा. खेडच्या अलीकडे बायका रस्त्याला टोपल्या घेऊन बसतात. आईने सात चिबूड हुंगले, दोन कानाशी नेले, आणि तिसऱ्या टोपलीतला पहिलाच घेतला. वेळ बावीस मिनिटं. कशेडीच्या बोगद्याने वाचवलेली मिनिटं तिथे गेली. पूर्वी कशेडी घाटात आम्ही भावंडं आळीपाळीने ओकायचो आणि आई लिंबू धरून बसायची. बोगद्यात तिने सवयीने पिशवीतून लिंबू काढलं होतं. ते हातात धरेपर्यंत उजेड आला.

नियम सहावा : घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावा. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. दादासुद्धा देतो.

रात्री साडेआठला पोचलो. पडवीत दिवा होता, दादा खुर्चीत होता. "कितीत?" त्याने विचारलं.

"साडेसोळा," मी म्हटलं. काहीही वजा न करता.

दादा गप्प झाला. इतक्या मोठ्या आकड्याशी कशाची तुलना करायची हे त्याला सुचेना. मग तो उठला, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "काकू, हा चिबूड फुटलाय." काकूंनी लगेच विळी मागितली, आणि दादाने गूळ घालून तीन फोडी खाल्ल्या. माझ्या वाटणीची धरून.

यंदाचं वेळापत्रक तयार आहे. काल रात्री सौ.नी ते पुन्हा चष्मा लावून वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं : १०.१५ ते १२.१५, पंक्चर.

"कुठलं चाक?" त्यांनी विचारलं.

"मागचं डावं."