दोनावर चाललेले नाना

नानांची मारुती आठशे साक्रीच्या चौकात सिग्नलविना थांबली, तरी टपरीवाल्याला मान वर करावी लागत नाही. बॉनेट थरथरतं, सायलेन्सर फटफट करतो, कच्च्या पेट्रोलचा वास येतो. कुणीतरी म्हणतंच, "नाना, एक सिलिंडर मरेल शे."

"मरू दे ना भो! बुलेटले एकज ऱ्हास, ती चालस ना? मनापान आजून दोन शेतस."

आठशेला मुळात तीनच. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तिघांनी एकेकदा जोर लावायचा. एक बसला की उरलेले दोघे त्यालाही ओढत नेतात. मेस्त्रीने चालू इंजिनात प्लगची एकेक वायर काढून दाखवलं. पहिली काढली, इंजिन बंद पडायला आलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, इंजिनला पत्ताच नाही! प्लग बदलला, फरक शून्य. "कॉम्प्रेशन नाही, वॉल्व्ह जळालाय. हेड खोलावं लागेल." नानांनी 'खोलावं' एवढंच ऐकलं आणि बॉनेट पाडलं. खोललं की चार गोष्टी आणखी निघतात, हे त्यांचं तत्त्व. याच तत्त्वावर ते रक्तही तपासून घेत नाहीत.

तेव्हापासून नानांचा भूगोल पक्का झाला. धुळ्याला बेलाशक जायचं, कारण पांझराही तिकडेच वाहते. परतीचा चढ रमतगमत, मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. लेक नवापूरला दिलेली. जाताना कोंडाईबारी घाट उतरणीचा, तेव्हा नाना राजे. येताना मात्र काकू एसटीने आणि पापडांचे डबे गाडीत. काकू दहिवेलला उतरून चहा घेतात, भजी खातात, शेजारच्या बाईची सगळी नाती विचारून होतात, तेव्हा कुठे नाना पहिल्या गिअरमध्ये उगवतात. वर विचारतात, "तुला एवढी घाई कसली होती?"

कारखान्याने आठशे बनवणं 2014 साली थांबवलं. नानांनी ते मनावर घेतलं नाही. पेट्रोल जास्त लागतं म्हटलं तर म्हणतात, भाव वाढलेत.

आता काकूंच्या हट्टापायी गाडी विकायला काढलीय. गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतात, "इंजिनला आजवर कुणाचा हात लागलेला नाही." यात तसूभरही खोटं नाही. तुम्ही घ्यायला आलात, तर एकेक वायर तेवढी काढून बघा.